गरम मुलखासाठी हेम्पचं वाण: आधी दिवसमान, मग तापमान

हेम्प म्हणजे धाग्यासाठी किंवा बियांसाठी लावतात ती, नशेचं द्रव्य नगण्य असलेली भांग. प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तराखंडच्या तराईत परवाना असलेल्या एका हेम्प प्रकल्पावर काम करणाऱ्या, मूळच्या सोलापूरकडच्या कृषी पदवीधराने विचारलंय की, फ्रान्सहून आणलेलं बियाणं एप्रिलअखेर पेरलं, उगवण झकास झाली, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात पीक गुडघाभर असतानाच फुलोऱ्यावर आलं. पारा चाळिशीला टेकला होता, त्यामुळे खापर उष्णतेवर फुटलं. आता उष्णता सोसणारं वाण तयार करायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि पुढे ते सोलापूर-मराठवाड्यात चालेल का?

मी शिकलो ज्वारी-बाजरीच्या पैदाशीत. सध्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये संशोधन परवान्याखाली हेम्पवर काम करतो. इथे उत्तरेला मरीबा नावाचं गाव आहे, दक्षिण गोलार्धात साधारण १७ अंशांवर. म्हणजे विषुववृत्तापासून जेवढी सांगली दूर, तेवढंच मरीबा. त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे, आणि माझं पहिलं म्हणणं हे की तुमच्या पिकाला उष्णतेने मारलेलं नाही. मरीबात जुलै म्हणजे हिवाळा. दुपारी पंचवीसच्या आसपास तापमान असतं. त्या हवेत युरोपीय हेम्प पेरून पाहा, ते तुमच्यापेक्षाही बुटकं राहून फुलतं. तिथे कुठला आलाय चाळीसचा पारा?

हेम्प हे लहान दिवसाचं पीक आहे. दिवसाची लांबी एका ठरावीक मर्यादेखाली गेली की झाड वाढ सोडून फुलांच्या मागे लागतं. ही मर्यादा वाणागणिक वेगळी असते. फ्रेंच वाणं ४७-४८ अक्षांशांवर निवडली गेली आहेत. तिथे जूनमधला दिवस सोळा तासांचा. त्या वाणाला चौदा तासांचा दिवस म्हणजे ‘उन्हाळा सरला, आता बी धरा’ असा इशारा वाटतो. तराईत वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच चौदा तासांचा, सोलापुरात तर जेमतेम तेरा तास दहा मिनिटांचा. म्हणजे तुमचं बियाणं जमिनीतून वर आलं तेव्हाच त्याच्या हिशेबाने हंगाम संपत आला होता. बालावस्थेचे, म्हणजे रोप फुलूच शकत नाही ते, चार आठवडे काय ते त्याने काढले आणि पुढे फुललं. उष्णतेने त्या चार आठवड्यांतला एखादा कमी केला असेल, एवढाच तिचा वाटा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, चाचणी घ्या. एकाच बियाण्याचे दोन वाफे शेजारी शेजारी पेरा, मध्ये प्रकाश अडवणारं काळं कापड लावा. एका वाफ्यावर मध्यरात्री दोन-तीन तास साधे एलईडी बल्ब लावा. फार उजेड लागत नाही, पण वाफ्यात अंधारे कोपरे राहता कामा नयेत. त्या व्यत्ययाने झाडाला रात्र लहान वाटते. दोन्ही वाफ्यांना ऊन तेच, लू तीच, पाणी तेच. बल्बखालचं पीक कमरेच्या वर जाऊन हिरवंच राहिलं आणि शेजारचं फुललं, तर प्रकरण निकालात निघालं. हे करताना शेंड्याकडे रोज बघा. समोरासमोर निघणारी पानं एकाआड एक निघायला लागली आणि देठाच्या बगलेत पांढरे दोन केस किंवा पाकळीबंद बारीक गाठ दिसली की फुलोरा सुरू झाला असं धरा. केस म्हणजे मादी, गाठ म्हणजे नर. तारीख तीच लिहायची. झाडभर फुलं दिसतात त्या दिवसाची नोंद उपयोगाची नाही, ती माणसागणिक बदलते.

आता पैदाशीकडे. गरम मुलखात ही वनस्पती जगत नाही असं म्हणायला इतिहासच आडवा येतो. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाच्या काळात नगर जिल्ह्यात आणि खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती चालत होती. दख्खनचं ऊन तेव्हाही सौम्य नव्हतं. त्याच आयोगाच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातल्या परखदाराचं वर्णन आहे. हा माणूस शेतात फिरून फुलण्याआधीच नर झाडं ओळखायचा आणि उपटवून टाकायचा, कारण एक नर राहिला तरी माल बियाळ व्हायचा. आपल्याकडे या झाडाचं निरीक्षण किती बारकाईने होत होतं ते यावरून कळतं.

पण पैदासकाराची गोची इथेच आहे. उष्ण कटिबंधात जुळलेली, उशिरा फुलणारी, उंच वाढणारी जी झाडं आहेत ती बहुतेक गांजाच्या जातकुळीची, टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य भरपूर असलेली. आणि टीएचसी नगण्य असलेली वाणं आहेत ती थंड उत्तरेची, आपल्याकडे गुडघ्याएवढी राहणारी. उत्तराखंडने २०१८ मध्ये हेम्पला परवाने द्यायला सुरुवात केली आणि टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. तेव्हापासून तिथली तक्रार हीच आहे की स्थानिक बी मर्यादेत बसत नाही आणि परदेशी बी वाढत नाही. ‘उष्णता-सहनशील वाण’ म्हणून तुम्ही जे मागताय ते खरं तर दक्षिणेचं घड्याळ आणि उत्तरेचं रसायन एका झाडात आणण्याचं काम आहे.

यातला रसायनाचा भाग वाटतो तेवढा अवघड नाही. टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, दोन्ही एकाच पूर्वद्रव्यापासून बनतात. झाड त्यातून काय बनवणार हे मुख्यतः एका जागेवरच्या जनुकीय फरकाने ठरतं. २००३ साली डी मेयर आणि सहकाऱ्यांनी संकरांवर हे दाखवलं: टीएचसी-प्रकार आणि सीबीडी-प्रकार यांचा संकर केला तर पहिली पिढी दोन्ही द्रव्यं बनवणारी, आणि दुसऱ्या पिढीत १:२:१ असं सरळ मेंडेलचं गणित. त्यामुळे रोप दोन-तीन पानांवर असताना पानाचा टिकलीएवढा तुकडा घेऊन डीएनए तपासला तरी कोणतं रोप शुद्ध सीबीडी-प्रकारचं ते कळतं. फुलोऱ्याची वाट बघावी लागत नाही.

प्रकल्पांवर एक समजूत फार ऐकू येते: ऊन लागलं, पाणी तुटलं की झाड ‘गरम’ होतं, म्हणजे टीएचसी चढतं. कॉर्नेल विद्यापीठात सीबीडी-प्रकारच्या हेम्पवर पाणी तुंबवणं, जखमा करणं, तणनाशक, भुरी असे ताण देऊन पाहिले, २०२१ मध्ये निष्कर्ष आले, आणि टीएचसी-सीबीडीचं गुणोत्तर काही हललं नाही. गुणोत्तर जनुकात आहे. मर्यादा ओलांडली जाते ती दुसऱ्या कारणाने. सीबीडी बनवणारं विकरही थोडं टीएचसी बनवतंच, साधारण वीस-पंचवीसास एक या प्रमाणात. फुलोरा जून होऊन सीबीडी सात टक्क्यांवर गेलं की टीएचसी आपोआप ०.३ ला भिडतं. म्हणून धाग्यासाठी किंवा बियांसाठी वाण करताना एकूणच कमी द्रव्य बनवणारी झाडं निवडा. युक्रेनच्या हलुखिव येथील संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलंय. त्यांच्या काही वाणांत ही द्रव्यं जवळपास नसल्यातच जमा आहेत. उत्तरेचा जनक निवडायचा तर मी तिथला निवडीन. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना मात्र ‘एकूण टीएचसी’ बघा. हिरव्या झाडात ते आम्लरूपात असतं, म्हणून आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून त्यात मोकळं टीएचसी मिळवतात. नुसता मोकळ्या टीएचसीचा आकडा दाखवून कोणी बी विकत असेल तर त्या माणसाशी व्यवहार करू नका.

खरा घाम निघतो तो घड्याळ बदलताना. फुलण्याची वेळ एका जनुकाच्या हातात नाही. काही मोठ्या परिणामाचे घटक सापडलेत. दिवसमानाकडे दुर्लक्ष करून वयावर फुलणाऱ्या, म्हणजे ‘ऑटोफ्लॉवर’ झाडांचा गुण अप्रभावी असून तोही त्यांत आहे. पण सोलापूरच्या तेरा तासांत चार महिने हिरवं राहणारं झाड हवं असेल तर बरेच छोटे घटक एकत्र आणावे लागतात. समजा, दुसऱ्या पिढीत पन्नासांत एक झाड तुम्हाला हवं तेवढं उशिरा फुलतं. त्यातलं शुद्ध सीबीडी-प्रकारचं चौथा हिस्सा. म्हणजे दोनशेत एक. दोन हजार रोपं लावली तर हाती दहा लागतील, त्यात निम्मे नर. शंभर-दीडशे रोपांवर ‘पैदास’ करून वाण जाहीर करणारे पाहिलेत, म्हणून हा हिशेब मांडला. डीएनए चाचणीने रोपवाटिकेतच तीन-चतुर्थांश रोपं काढून टाकली तर शेतात पाचशेच लावावी लागतात, आणि खर्च आवाक्यात येतो.

दक्षिणेचा जनक कुठला घ्यायचा? इथे चीनच्या युनान प्रांताकडे बघावं. २१ ते २९ अक्षांशांत पसरलेला प्रांत आणि धाग्यासाठी हेम्प लावण्याची जुनी परंपरा. युनान कृषी विज्ञान अकादमीने स्थानिक साठ्यातून ‘युनमा १’ हे कमी टीएचसीचं वाण काढलं, ते २००१ मध्ये मान्य झालं. थायलंडनेही डोंगराळ भागातल्या ह्मोंग लोकांच्या धाग्याच्या बियाण्यातून आरपीएफ १ ते ४ अशी वाणं निवडली. म्हणजे दक्षिणेतली सगळीच झाडं गांजाची नाहीत. लोकांनी कपड्यासाठी जिथे पिढ्यान्‌पिढ्या लावलं तिथे उशिरा फुलणारं आणि तुलनेने सौम्य असं बियाणं आहे. असा जनक मिळाला तर निम्मं काम झालेलं असतं. सोयाबीनचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. ब्राझीलने विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात ते नेलं ते लांब बालावस्थेचा गुण आणून. दिवस कितीही लहान असला तरी रोप ठरावीक वय होईपर्यंत फुलतच नाही. हेम्पमध्ये मी हाच गुण शोधतो. दिवसमानाची मर्यादा बारा-साडेबारा तासांवर आणण्यापेक्षा लांब बालावस्था जास्त भरवशाची, कारण पेरणी पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी पीक सांभाळून घेतं. पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्या शेतकऱ्याला तेच हवं.

निवड कशी करायची यावर एक जुनी युक्ती सांगतो. हेम्पमध्ये नर वेगळा, मादी वेगळी, आणि परागीभवन वाऱ्याने. शेताच्या शेवटी चांगल्या माद्या निवडल्या तरी त्यांच्या बियांचा बाप कोण हे कळत नाही, कारण नर तोवर वाळून गेलेला असतो. निवड निम्मीच होते. जर्मनीत गुस्टाफ ब्रेडेमान यांनी गेल्या शतकात यावर उपाय काढला. नर फुलायच्या आधी त्याचं खोड उभं चिरायचं, अर्धं कापून धाग्याचं प्रमाण तपासायचं, उरलेलं अर्धं जमिनीत उभं ठेवायचं. निकाल चांगला आला तरच त्या नराला फुलू द्यायचं, बाकीचे उपटायचे. या पद्धतीने खोडातल्या धाग्याचं प्रमाण दुपटीवर गेलं. आज डीएनए चाचणीने रोपातच लिंग कळतं, पण तत्त्व तेच आहे: नरांची निवड फुलण्याआधी. उशिरा फुलण्याच्या गुणासाठी तर हे सोपंच आहे, सगळ्यात आधी फुलणारा नर रोज सकाळी फेरी मारून काढायचा. एक दिवस आळस केला तर तोच लवकर फुलणारा अख्ख्या शेताचा बाप होतो.

आता उष्णता जिथे खरोखर नडते तिथे येऊ. मिसिसिपी विद्यापीठात २००८ मध्ये एका मेक्सिकन वाणावर मोजमाप झालं, त्यात प्रकाशसंश्लेषण ३० अंशांच्या आसपास सर्वाधिक होतं आणि पुढे उतरत गेलं. म्हणजे चाळिशीत झाड मरत नाही, पण कमाई घटते. त्याहून मोठा घाव परागकणांवर आणि दाणे भरण्यावर बसतो. फुलोरा मे-जूनच्या लूत सापडला तर टरफलं भरपूर, दाणा पोकळ. खरिपात पेरून सप्टेंबरच्या मध्याला फुलणारं वाण असेल तर दाणा ऑक्टोबरच्या उघडिपीत भरतो. ऑगस्टमध्ये फुललं तर पावसात बोंडं कुजतात, राखाडी बुरशी येते. पुन्हा बघा, सगळं येऊन थांबतं ते फुलण्याच्या तारखेवर.

पैदासकाराला उष्णता आणखी एका ठिकाणी फसवते, ती म्हणजे संकराच्या पिंजऱ्यात. पराग आत-बाहेर जाऊ नये म्हणून दाट विणीच्या कापडाचे तंबू लावतात. वारा अडतो, आणि दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. मग बी धरत नाही आणि वहीत शेरा पडतो: ‘हे कुटुंब (म्हणजे एका संकराची संतती) वांझ’. तंबूत तापमापक टांगा. वर सावलीची जाळी टाका. संकर भल्या सकाळी करा. नराचा फुटू लागलेला तुरा कागदावर झटकला की पिवळसर भुकटी पडते, ती चाळून लगेच कोरड्या डबीत, गारव्यात. दहानंतर जमवलेला पराग मी वापरत नाही.

विलगीकरणाबाबत तराई ही अवघड जागा आहे. बांधावर, रस्त्याकडेला, रेल्वेच्या कडेने रानभांग उभीच असते. हा पराग किती जातो याची कल्पना यावी म्हणून: मोरोक्कोतल्या शेतांचा पराग समुद्र ओलांडून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सापळ्यांत सापडलेला आहे. युरोपच्या बीज नियमांत नर-मादी वेगळ्या असलेल्या वाणाच्या पायाभूत बियाण्याला ४०० मीटर अंतर पुरतं, पण दोन्ही फुलं एकाच झाडावर असणाऱ्या वाणाला ५ किलोमीटर लागतं, कारण परक्या नराचा थोडा पराग आला तरी तो गुण पुढच्या पिढीत विस्कटतो. तराईत ४०० मीटरवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. एक-दोन पिढ्यांत टीएचसी परत वर येईल आणि तुम्ही पुन्हा उन्हाला दोष द्याल. मूळ बियाणं तंबूतच वाढवा, आणि दर पिढीला डीएनए तपासणी करा. या एका बाबतीत दख्खन बरा, तिथे रानभांग उत्तरेइतकी पसरलेली नाही.

तरीही सोलापूरचा प्रश्न लगेच घेऊ नका. एक तर कायदा. १९८५ चा अंमली पदार्थ कायदा झाडात टीएचसी किती हे विचारत नाही. परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धागा-बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे, पण उत्तराखंडसारखी परवाना व्यवस्था महाराष्ट्रात नाही. गावाकडच्या शेतात ‘चार रोपं लावून बघतो’ हा विचार मनातही आणू नका. आणि हेही लक्षात घ्या की वर सांगितलेल्या टीएचसी-प्रकार आणि सीबीडी-प्रकार यांच्या संकराची पहिली पिढी ०.३ च्या वर जाणारच, त्यामुळे तुमच्या प्रकल्पाचा लागवड परवाना या कामाला पुरणार नाही. संशोधनासाठीची वेगळी मंजुरी, तीही एखाद्या विद्यापीठाच्या किंवा सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या संस्थेच्या जोडीने, आधी घ्या.

दुसरं म्हणजे गरज. धागाच हवा असेल तर मराठवाड्याकडे अंबाडी आहे, ताग आहे. दोन्ही तिथल्या दिवसमानाला आणि उन्हाला जुळलेले, कायद्याची कटकट नसलेले. हेम्पला काळ्या जमिनीत पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही, रोपावस्थेत दोन दिवस पाणी साचलं तर पीक पिवळं पडून बसतं. शिवाय युरोपात कापलेलं पीक शेतातच दवावर कुजवून धागा सोडवतात. कोरड्या हवेत ते जमत नाही, तागासारखं पाण्यातच भिजवावं लागतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर दख्खनमध्ये हेम्पची जागा धाग्यात नाही, बियांत आहे. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२१ मध्ये हेम्पच्या बिया आणि तेलाला अन्न म्हणून मानकं दिली आहेत. त्यासाठी चार महिने उंच वाढणारं झाड नकोच. ऑटोफ्लॉवर गुणाचं, तीन महिन्यांत येणारं, दाट पेरता येणारं बुटकं वाण चालेल, आणि तो गुण उत्तरेच्या बियाण्यात आहेच. घाटे अळी आणि हिरवा ढेकूण मात्र दाणा भरताना तुटून पडतात. क्वीन्सलँडमध्येही आमचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात. कणीस उघडं, दाण्यावर टरफल नीट मिटलेलं आणि बी न झडणारं झाड दिसलं तर त्यावर चिठ्ठी बांधून ठेवा.

या हंगामात काय कराल? बल्बची चाचणी. जी काही बियाणी परवान्यात बसतात ती दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरून फुलण्याच्या तारखांचा तक्ता. युनानचं बी मिळवण्यासाठी आयातीची कागदपत्रं, त्याला वेळ लागतो. आणि आज जे बियाणं हाती आहे ते शेडमध्ये पोत्यात असेल तर आधी हलवा. हेम्पच्या दाण्यात तीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं, दमट उकाड्यात ते खवट होऊन एका पावसाळ्यात उगवण ढासळते. चांगलं वाळवून, हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि प्रत्येक लॉटचं थोडं बी वेगळं राखून ठेवा. पुढच्या वर्षी कुठलं कुटुंब चांगलं हे कळेल तेव्हा तेच राखलेलं बी पेरायचं असतं.